नाण्यावरच्या रंगाची किंमत

माननीय संपादक महोदय,

चांदीच्या जुन्या नाण्यांच्या लिलावांत एक प्रकार आता चांगलाच रुळला आहे. नाण्याचे साल साधे असते, टांकसाळ नेहमीची असते, छापातही वेगळे काही नसते. तरी त्यावर निळ्या, जांभळ्या, सोनेरी छटा चढलेल्या असतील तर तशाच पांढऱ्याशुभ्र नाण्याच्या दहापट, वीसपट बोली लागते. ही आवड मुख्यतः अमेरिकेतील असली, तरी आपल्याकडील विक्रेतेही राणीछाप रुपयांची जाहिरात याच भाषेत करू लागले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेचा मॉर्गन डॉलर हे याचे ठळक उदाहरण होय. २६.७३ ग्रॅम वजनाच्या या नाण्यात ९० टक्के चांदी असते. १८८१ साली एकट्या सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने असे सव्वा कोटीहून अधिक डॉलर पाडले. पुढे १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले, तरीही १८८१ सालची कोरी नाणी आजही मुबलक मिळतात. हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्या सरकारी तिजोऱ्यांत अनेक दशके पडून होत्या. कापडातील गंधकाचा अंश चांदीला लागला आणि पिशवीला टेकलेल्या नाण्यांवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढला. पावसात रस्त्यावर सांडलेले तेल रंगीत दिसते, तसाच हा थराच्या जाडीचा खेळ आहे. सुरुवातीला फिकट सोनेरी, मग किरमिजी, मग निळा, पुढे पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा आणि अखेरीस काळा, असा तो रंग बदलत जातो. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते तीच ही प्रक्रिया असून, रंगीत नाणे म्हणजे तिचा मधला एक टप्पा आहे.

तरीही या रंगाला काहीच मोल नाही, असे मी म्हणणार नाही. नैसर्गिक रंग हा साक्षीदार असतो. काही डॉलरांवर पिशवीच्या कापडाची वीण रंगात उमटलेली दिसते, काहींवर शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा पांढरा राहिलेला असतो, तर अक्षरांच्या कडेला, जिथे कापड पोहोचू शकले नाही तिथे, मूळची चांदी दिसते. हे नाणे कोणी घासलेले नाही, आम्लात बुडवलेले नाही, याचा तो पुरावा असतो; आणि ज्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाचे रुपये दर दिवाळीला चिंच किंवा रांगोळी लावून लख्ख केले जातात, त्यांना असा अस्पर्श पृष्ठभाग किती दुर्मीळ असतो हे वेगळे सांगायला नको. त्या अस्पर्शतेसाठी चार पैसे जास्त मोजणे मला पूर्णपणे रास्त वाटते.

मात्र हीच साक्ष करड्या, मातकट, तपकिरी रुपयाकडूनही तितकीच मिळते, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. दोन्ही नाण्यांचा इतिहास सारखा आणि जपणूक सारखी असेल, तर त्यांच्या किमतींतला फरक हा निव्वळ डोळ्यांच्या सुखाचा असतो. हौसेला मोल नाही हे मान्य आहे, पण तीच रक्कम ‘गुंतवणूक’ म्हणून नवख्या संग्राहकाच्या गळ्यात मारली जाते, याचा मला मनापासून संताप येतो. विक्रमी बोली दोन हौशी माणसांच्या चुरशीतून उभी राहते. पुढच्या लिलावाला त्यांतला एक आला नाही, तर तो विक्रम कोणाच्या आधारावर टिकणार?

शिवाय रंग तयार करता येतो. गंधकाची वाफ, भट्टीची ऊब, इतकेच काय, उकडलेल्या अंड्याचा सहवासही चांदीला पुरतो. पीसीजीएस आणि एनजीसी या, नाणी तपासून त्यांच्या दर्जाची श्रेणी ठरवणाऱ्या अमेरिकी प्रमाणन संस्था संशयास्पद रंगाच्या नाण्याला नेहमीची श्रेणी देत नाहीत, परंतु रंग नैसर्गिक आहे की नाही हे शेवटी तज्ज्ञांचे मतच असते, आणि ज्या प्लास्टिकच्या पेटीत नाणे बंद करून मिळते ती पूर्णपणे हवाबंद नसते, म्हणजे रंग आतही बदलू शकतो. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः १८६२ चा एक निळसर रुपया मोठ्या हौसेने घेतला. भिंगाखाली पाहिले तेव्हा राणीच्या झिजलेल्या गालावर आणि अगदी ताज्या ओरखड्यातही तोच एकसारखा निळा रंग भरलेला दिसला. ओरखडा आधीचा आणि रंग नंतरचा, हे तेव्हा कळले.

लिलावगृहांकडे माझे मागणे साधे आहे. असे रंग विशिष्ट कोनातून प्रकाश पडला तरच उजळतात, म्हणून सूचीत एक छायाचित्र साध्या, सरळ उजेडातले असावे. नाणे आजवर कोठे, कशात ठेवलेले होते याची ठाऊक असलेली माहिती द्यावी आणि ती नसल्यास तसे लिहावे. त्याच सालच्या, त्याच श्रेणीच्या बिनरंगी नाण्याला मागील लिलावात काय किंमत आली होती, हेही शेजारीच छापावे.

आपला नम्र,
एक नाणेसंग्राहक वाचक, पुणे