दुधाच्या पिशवीवरचे पन्नास पैसे : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दुधाच्या रिकाम्या पिशव्यांची परतखरेदी प्रत्यक्षात सुरू करणे

स. न. वि. वि.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला राज्याच्या प्लास्टिकबंदीतून सूट मिळाली. जाडी किमान ५० मायक्रॉन हवी आणि पिशवी परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, तिच्यावर छापलेली हवी, अशा अटी होत्या. छपाईची अट पाळायला सोपी होती. परत घेणारे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी नाही. २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले होते की राज्यात रोज सुमारे एक कोटी पिशव्या, म्हणजे ३१ टन प्लास्टिक, कचऱ्यात जाते. तोच आकडा धरला तरी रोजचे पन्नास लाख रुपये नुसते छापील राहतात.

हा जुना विषय आत्ताच काढण्याचे कारण बाजारात आहे. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या ईपीआर (वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या) मार्गदर्शक सूचनांनी पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याचे टप्पे घालून दिले. बाटल्या-डब्यांत २०२५-२६ मध्ये ३० टक्के, तेथून चढत २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. पिशव्या-पाकिटांच्या लवचिक फिल्ममध्ये आधी १० आणि २०२७-२८ पासून २० टक्के. पण अन्नाला थेट लागणाऱ्या फिल्ममध्ये जुना दाणा, म्हणजे वापरलेले प्लास्टिक वितळवून केलेला कच्चा माल, चालत नाही; निकष पाळून केलेल्या पेटला (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) तेवढी वाट मोकळी आहे. म्हणजे फिल्मचा सगळा भार श्रिंक फिल्म (बाटल्यांच्या गठ्ठ्यावरचे घट्ट आवरण), कुरिअरच्या पिशव्या, धुण्याच्या पावडरीची पाकिटे यांच्यावर येतो. कायद्यामुळे वापर शक्य नाही म्हणून सूट मिळालेल्या कंपन्यांनाही तेवढ्याच वजनाची प्रमाणपत्रे, जुने प्लास्टिक ठरल्यापेक्षा जास्त वापरणाऱ्यांकडून, विकत घ्यावी लागतात. स्वच्छ एलडी (पिशव्यांचे मऊ पॉलिथिन) दाण्याची मागणी वाढणार ती यामुळे. तो दाणा आणायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे. माल नसला की त्याची जागा नुसती कागदावरची प्रमाणपत्रे घेतात. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रे सापडली.

घराघरांतून निघणाऱ्या फिल्ममध्ये दुधाच्या पिशवीइतका चांगला माल दुसरा नाही. ती एलडीपीई आणि एलएलडीपीई या पॉलिथिनच्या दोन प्रकारांच्या मिश्रणाची, म्हणजे एकाच कुळातली. ॲल्युमिनियम नाही, पेटचा थर नाही. अर्ध्या लिटरच्या पिशवीचे वजन साधारण अडीच ग्रॅम. किलोला चारशेच्या आसपास पिशव्या बसतात. घनता ०.९२ च्या जवळ, म्हणजे पाण्याहून कमी, असल्याने धुण्याच्या टाकीत ती तरंगते, माती आणि पेट तळाला जातात. छपाई आणि पांढऱ्या रंगामुळे दाणा करडा-निळसर निघतो. त्यातून पुन्हा दुधाची पिशवी होणार नाही, पण कचऱ्याच्या पिशव्या, ताडपत्री आणि बाहेरची आवरणे उत्तम होतात.

बिघडते ते गोळा करताना. आत राहिलेले दूध उन्हाळ्यात दोन दिवसांत नासते, माश्या येतात, भंगारवाला पोते उचलत नाही. ओल्या कचऱ्यात पडलेली पिशवी धुतली तरी चिकट वास दाण्यात उतरतो. नीट न वाळलेला माल एक्स्ट्रुडरमध्ये (प्लास्टिक वितळवून ढकलणारे यंत्र) गेला की वाफेचे बुडबुडे धरतो. तेलाच्या काही पाउचमध्ये नायलॉनचा थर असतो. दिसायला ते दुधाच्या पिशवीसारखेच, पण पॉलिथिनच्या तापमानाला नायलॉन वितळत नाही. फिल्ममध्ये गाठी येतात आणि फुगवून फिल्म ओढताना तिचा फुगा फुटतो. कंपोस्टेबल (खत होणाऱ्या) पिशव्यांचेही तेच : एलडीच्या घाण्यात मिसळल्या की फिल्म कमजोर. शिवाय कात्रीने उडवलेले ते टोक! एवढासा त्रिकोण कुठल्याच चाळणीत अडकत नाही, थेट खतात जातो. टोक कापा पण तोडू नका, एवढे चित्र पिशवीवर छापायला खर्च येत नाही. पिशवी विसळून ते पाणी पातेल्यात ओतण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहेच. त्यापुढे फक्त उलटी टांगून वाळवायची.

आता पैशाचा हिशेब, कारण योजना तिथेच अडली आहे. पिशवीला ५० पैसे म्हणजे किलोला सुमारे २०० रुपये. नव्या दाण्याचा भावसुद्धा साधारण याच्या निम्मा असतो. कुठलाही पुनर्चक्रीकरण करणारा एवढे पैसे देऊ शकणार नाही. त्यामुळे ही रक्कम भंगाराची किंमत म्हणून न धरता ग्राहकाकडून आधी घेतलेली अनामत म्हणूनच धरावी लागेल. दुधाच्या किमतीत ती मिसळली की डेअरीला परत करावीशी वाटणार नाही. ती वेगळी दाखवावी, सर्व डेअऱ्यांच्या सामाईक खात्यात जावी आणि न परतलेल्या पिशव्यांच्या रकमेतून दुकानदाराची हाताळणी व वाहतूक भागवावी. सामाईक खाते यासाठी, की एकाच दुकानात तीन-चार ब्रँडचे दूध असते. त्याने प्रत्येकाच्या पिशव्या निवडत बसावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

पन्नास पैशांचे नाणे व्यवहारात राहिलेले नाही. म्हणून दहा पिशव्यांना पाच रुपये, असाच व्यवहार ठेवावा. ग्राहकाकडून मोजून, दुकानातून पुढे वजनाने. वजनात ओल लपते, तेव्हा माल कोरडाच घेण्याचा नियम हवा. आणखी एक पळवाट आत्ताच बुजवावी. छपाईत वाया गेलेला पिशव्यांच्या फिल्मचा रोल भंगारात २०० रुपयांच्या कितीतरी खाली जातो. अनामत सुरू होताच तोच रोल कापून 'वापरलेल्या पिशव्या' म्हणून येईल. अशा रोलला सील नसतात, म्हणून दोन्ही आडव्या सील आणि मधला उभा जोड असलेलीच पिशवी ग्राह्य धरावी. गोवा सरकारने २०२४ मध्ये अनामत परतीची योजना अधिसूचित केली आहे. तिच्या कामकाजाकडे आपल्या विभागाने लक्ष ठेवावे.

चिप्स-फरसाणाच्या चकचकीत पाकिटांबद्दल थोडेसेच. अनेकांत पेट आणि पॉलिथिन एकमेकांना चिकटलेले, वेगळे करणे परवडत नाही. गोळा झालेली बरीचशी सिमेंटच्या भट्टीत जातात, आणि राज्यातले सिमेंट कारखाने मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात, म्हणजे बाकीच्या राज्यातून वाहतूक लांबची. पुढचा कल एकाच प्लास्टिकच्या पाकिटाकडे आहे. पण लहान फरसाणवाल्याच्या जुन्या पॅकिंग मशीनवर पॉलिथिनचा बाहेरचा थर पाकीट बंद करणाऱ्या तापलेल्या जबड्याला चिकटतो, कारण पेट अडीचशे अंशांच्या आसपास वितळते आणि पॉलिथिन त्याच्या निम्म्यात. तापमान नियंत्रक बदलणे, जबड्याला टेफ्लॉनचे कापड आणि थोडा कमी वेग, इतके करावे लागते. यासाठी लघुउद्योगांना अनुदान मिळाले तर बदल लवकर होईल. नुसता दंड लावला तर माल बिनछापील पिशवीत जाईल.

आमची मागणी अशी : दुग्धविकास विभाग, डेअरी संघ आणि दूध विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून अनामत खात्याचा आदेश काढावा, सुरुवात एका महानगरपालिकेपासून करावी आणि किती पिशव्या विकल्या, किती परतल्या, किती किलो दाणा झाला हे तीन आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावेत. तिसरा आकडा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याच्या वीजबिलाशी ताडून पाहावा. मशीन चालले नसेल तर दाणा झालेला नाही.

आपले,
फिल्म, छपाई आणि पुनर्चक्रीकरण व्यवसायातील काही जण