दुसरं कडवं आहे तसंच ठेव

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

गाण्याचे शब्द वाचले. सफाई कामगारांच्या थकलेल्या पगाराची बातमी दोन दिवस छापून आली आणि विरली. तुम्ही ती चौकात गाणार, हे मला फार मोलाचं वाटतं. दुसरं कडवं सौम्य करावं का, असं तू विचारलंस. अजिबात नको. शब्द तेच ठेवा, पण कागद आधी तयार करा.

कवी आणि काँग्रेस नेते इम्रान प्रतापगढी यांच्या खटल्याचा २८ मार्च २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गटातल्या प्रत्येकाने वाचावा. जामनगरच्या सामूहिक विवाहाची त्यांनी समाजमाध्यमावर टाकलेली ४६ सेकंदांची चित्रफीत, तिच्यामागे वाजणारी एक उर्दू कविता, आणि तेवढ्यावरून दोन गटांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा! गुजरात उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी कवितेचा अर्थ तपासला. तिच्यात कुठल्याही धर्माचा उल्लेख नाही हे दाखवून त्यांनी एफआयआर रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल ते पाहायचं. जो प्रत्येक टीकेने हादरतो त्याच्यावर नव्हे, ही कसोटी त्यांनी पुन्हा पक्की केली.

तुम्हाला उपयोगी पडेल तो याच निकालातला दुसरा भाग. तेढ निर्माण करण्याचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १९६. साधारणपणे शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास, अटक यांच्या पद्धतीचा कायदा) कलम १७३(३) प्रमाणे पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्यावरची तक्रार असेल तर आधी ही चौकशी करणंच योग्य, असं न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणून तक्रार झाल्याचं कळलं की त्याच दिवशी वकिलामार्फत चौकशीची मागणी करणारा अर्ज द्या. सोबत गाण्याचे पूर्ण शब्द आणि न कापलेलं चित्रीकरण जोडा. तक्रारदार बहुधा एकच ओळ तोडून आणतो, आणि पुढच्या-मागच्या ओळी समोर नसल्या की तिचा रोख भलताच दिसतो. यासाठीच पहिल्या वाक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंतचं चित्रीकरण तुमच्यातल्या एकाने करायचं आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही.

तिसऱ्या कडव्यात मात्र बदल हवा. तिथे ठेकेदाराचं नाव आहे आणि त्याने पैसे ‘खाल्ले’ असं म्हटलंय. बदनामीच्या खटल्यात (न्याय संहितेचं कलम ३५६) आरोप नुसता खरा असून भागत नाही. तो लोकहितासाठी केला हेही दाखवावं लागतं. किती महिन्यांचा पगार थकला, किती कामगारांचा, हे माहिती अधिकारातल्या उत्तरावरून घ्या. ‘खाल्ले’ हे सिद्ध करता येणार नाही, ‘दिले नाहीत’ हे येईल. गाण्यातही तेच जास्त झोंबतं.

आणि स्पीकर! पथनाट्य असो की शाहिरी, कार्यक्रम बंद करायला शब्दांवर बोट ठेवायची गरज पडत नाही, स्पीकरची परवानगी विचारली की झालं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तुमच्या चौकाजवळ शाळा आहे, अंतर मोजून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी लागू आहे का, तेही त्याच वेळी विचारा.

पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३)) आली तर टाळू नका. ती पाळली की सहसा अटक होत नाही, टाळली की अटकेला कारण मिळतं. मोबाइल घेतला तर जप्तीच्या यादीची प्रत मागा. झडती-जप्तीचं चित्रीकरण त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे पोलिसांनी करायचं असतं. सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी मुलींना अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकाऱ्याचा लेखी अहवाल आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘६६ अ’ म्हणालं तर सांगा, ते कलम २०१५ मध्येच रद्द झालं. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून याच कलमाचा फटका बसला होता.

न्याय उशिरा येतो, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पुण्याच्या कबीर कला मंच या शाहिरी गटाचे सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर २०१३ मध्ये स्वतः हजर झाले. जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून. त्यांच्यावर यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) होता, त्यात जामिनाची वाटच अरुंद. तुमचं प्रकरण तसं नाही, पण पहिल्या दिवशी वकील हवाच. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. तो आणि आपल्या वकिलांचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा; जप्त झालेल्या मोबाइलमधला नंबर कामाचा नाही.

तिसरं कडवं दुरुस्त झालं की माहिती अधिकाराच्या उत्तराच्या फोटोसह पाठव. आकडे मी ताडून पाहते.

तुझी,
आई