बातमीची वर्गवारी नको, उत्तर हवे

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

मार्च २०२५ मध्ये आपल्या शासनाने बातम्यांवर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र केंद्र उभारण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी १० कोटी रुपयांची तरतूद केली. शासनासंबंधीच्या बातम्यांची सकारात्मक व नकारात्मक अशी वर्गवारी करावी आणि दिशाभूल करणाऱ्या बातमीचा तातडीने खुलासा करावा, अशी ही योजना आहे. खोट्या बातमीचा खुलासा शासनाने जरूर करावा. माझा आक्षेप वर्गवारीला आहे.

अमळनेर तालुक्यात पाडळसे येथे तापीवरचे निम्न तापी प्रकल्पाचे धरण नव्वदच्या दशकात मंजूर झाले आणि अजून पुरे झालेले नाही. काम रखडल्याची बातमी आमच्याकडच्या वार्ताहराने दिली, तर तिची नोंद नकारात्मक म्हणून होणार. पाण्याची वाट पाहत ज्यांची एक पिढी सरली, त्या शेतकऱ्यांना मात्र तीच बातमी हवी असते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांचेही तेच आहे: मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद एक सांगते, बागेतली करपलेली झाडे दुसरेच सांगतात, आणि विम्याची भरपाई नोंदीवर ठरते. ही तफावत छापणारा शासनाचे कामच करत असतो.

तो कोणत्या परिस्थितीत करतो, हे मी चोपडा तालुक्यातून बातम्या पाठवताना पाहिले आहे. तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळीच्या पुरवण्या आणि नेत्यांचे वाढदिवस यांच्या जाहिरातींवर मिळणारे कमिशन हेच त्यांचे उत्पन्न, आणि जाहिरात देणारे बहुधा तेच, ज्यांना प्रश्न विचारायचे असतात. निकृष्ट रस्त्याविषयी विचारायला गेलो असता, “भाऊ, पुरवणीची जाहिरात दिली ना तुम्हाला? मग हे कशाला काढता?” असे एका पदाधिकाऱ्याने मला समोर बसवून विचारले होते. वृत्तपत्रांचा कल एकीकडे झुकतो तो पुष्कळदा अशा टेबलांवर, आणि त्याचा दोष एकट्या वार्ताहरावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, याचा मला अभिमान आहे. पण त्यात पत्रकार म्हणून संरक्षण मिळते ते माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत असलेल्याला. ज्याच्याजवळ नेमणूकपत्रच नाही, असा कमिशनवरचा वार्ताहर मार खाऊन पोलीस ठाण्यात गेला, तर आपण पत्रकार आहोत हे आधी त्यालाच सिद्ध करावे लागेल. सर्वाधिक धोका पत्करणाराच कायद्याच्या कडेला उभा आहे.

म्हणून विनंती अशी की या कायद्यातील व्याख्या बदलून अशा वार्ताहरांचा त्यात स्पष्ट समावेश करावा. कोणत्या वृत्तपत्राला किती रकमेच्या शासकीय जाहिराती दिल्या, याची यादी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक जिल्हा माहिती कार्यालयाने दर तिमाहीला स्वतःहून प्रसिद्ध करावी, म्हणजे कोणाला कशासाठी झुकते माप मिळाले हे वाचकालाही तपासता येईल. आणि देखरेख केंद्र ठेवायचेच असेल, तर नकारात्मक ठरवलेल्या प्रत्येक बातमीपुढे संबंधित खात्याने काय कार्यवाही केली, कोणत्या तारखेला केली, हे लिहून तो अहवाल जनतेसाठी खुला ठेवावा. सुरुवात पाडळशापासून करावी.

आपला,
चोपडा तालुक्यातील एक वार्ताहर