६० दिवसांचं पाकीट : बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब,
बेळगाव जिल्हा, बेळगाव यांस,

स. न. वि. वि.

"काका, बँकेचा कागद आलाय की हो, बघा जरा."

गेली काही वर्षं माझी सकाळ बऱ्याचदा या वाक्याने सुरू होते. मी शहापुरात राहतो. एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे गल्लीत किंवा आसपासच्या गावांत कुणाकडे जाडसर पाकीट आलं की ते माझ्या पुढ्यात येतं. येतं ते बहुधा उशिरा. पोस्टमनने वेळेवर दिलेलं असतं, पण मधले कित्येक दिवस ते देव्हाऱ्यामागे, रेशनकार्डाच्या पिशवीत नाहीतर टीव्हीखालच्या फडताळात पडून असतं. ते कुणी वाचलेलं नसतं. वाचणार कसं? सगळं इंग्रजीत, आणि पानामागून पान उलटलं तरी स्वतःच्या नावापलीकडे ओळखीचं काही दिसत नाही.

हे पत्र त्या पाकिटाबद्दल आहे. दाराला सील लागतं तेव्हा गर्दी जमते, फोटो निघतात, पुढारी येतात. २०२५ च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यातून घराबाहेर काढलेल्या कुटुंबांच्या बातम्या पेपरात आल्याच. पण त्या दिवशी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. घर वाचवायचे दिवस आधीच, पाकीट फडताळात असतानाच, सरलेले असतात.

पुढे लिहिण्याआधी एक कबुली दिली पाहिजे. असल्या नोटिसा मी स्वतः पाठवल्या आहेत. वकिलाकडून आलेला इंग्रजी नमुना, त्यात नाव, रक्कम आणि घराची चतुःसीमा भरायची, सही-शिक्का मारायचा, पोस्टात टाकायचं. कर्जदाराने वाचावी म्हणून आम्ही ती पाठवतच नव्हतो. फायलीला पोचपावती लागावी म्हणून पाठवत होतो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कानडी कर्जदाराला इंग्रजी, मराठी कर्जदाराला इंग्रजी, सगळ्यांना सारखा न्याय!

आपल्याला कायदा सांगायचा म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टाची पायरी न चढता तारण घर ताब्यात घेण्याची मुभा दिली. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. मग कलम १३(२) ची नोटीस : ६० दिवसांत सगळं कर्ज भरा. थकलेले तीन-चार हप्ते भरा असं ती म्हणत नाही, सगळं कर्ज मागते. ज्याला बारा हजारांचा हप्ता जुळत नाही त्याला आठ-नऊ लाखांचा आकडा दिसला की तो पाकीट मिटवून ठेवतो. माणूस आहे, ठेवणारच.

पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. त्या ६० दिवसांत कर्जदार आपलं म्हणणं लेखी मांडू शकतो, आणि ते मान्य नसेल तर बँकेने १५ दिवसांच्या आत कारणं देऊन तसं कळवावंच लागतं. मूळ कायद्यात हे नव्हतं. २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना हे बजावलं आणि मग १३(३अ) हे पोटकलम आलं. बड्या कारखानदाराच्या भांडणातून लहान माणसाच्या पदरात पडलेला हा हक्क. माझ्या सगळ्या नोकरीत अशा नोटिशीला कर्जदाराचं लेखी उत्तर आलेली प्रकरणं मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकेन. त्यातली निम्मी वकिलांची होती.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला असणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. हात भाजला, चार महिने काम बंद. घरावर एका गृहवित्त कंपनीचं नऊ लाखांचं कर्ज. बायकोने गळ्यातलं गहाण ठेवून एक हप्ता भरला आणि वसुलीला येणाऱ्या पोराला पावती दाखवली. "बास वहिनी, आता काय होत नाही," म्हणाला तो. तिथेच घात झाला. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या नोव्हेंबरात स्पष्ट केलं आहे की एकदा एनपीए झालेलं खातं मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय पुन्हा नियमित होत नाही. एक हप्ता म्हणजे दर्यात खसखस. घरात सगळे निर्धास्त झाले आणि पाकीट पिशवीत गेलं.

ते माझ्याकडे आलं तेव्हा लिलावाची जाहिरात छापून झाली होती. पूर्वी विक्री होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरला. मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पीएफमध्ये पैसे होते की काका." पंधरा वर्षांचा पीएफ. घराच्या कर्जासाठी त्यातून पैसे काढता येतात हे त्याला ठाऊक होतं. कधीपर्यंत काढायला हवेत, हे कुणी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं नव्हतं.

याच्या उलट खानापूर तालुक्यातली एक बाई. नवरा गेलेला, मुलगा नववीत. पाकीट घेऊन ती एसटीने आली तो ४१ वा दिवस होता. आम्ही दीड पानाचं पत्र लिहिलं : खात्याचा उतारा द्या, दंडाची रक्कम कशी काढली ते दाखवा, थकबाकी दोन टप्प्यांत भरते, मुदत वाढवून हप्ता कमी करा. दंडावर व्याज चढवू नये असा रिझर्व्ह बँकेचा २०२४ पासून लागू झालेला नियम आहे, त्याचाही उल्लेख केला. बँकेत दोन फेऱ्या झाल्या. मॅनेजर मुळात वाईट नव्हता, त्याच्याकडे तोवर कुणी काही मागितलंच नव्हतं. घर आजही तिच्या नावावर आहे.

आता आपल्या टेबलाकडे येतो. घराचा प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकारी म्हणून आपल्याकडे अर्ज करते. आपण आदेश देता, तहसीलदार आणि पोलीस जातात. हे काम निव्वळ अंमलबजावणीचं आहे, जिल्हाधिकाऱ्यांनी तिथे न्यायनिवाडा करायचा नसतो, हे मला माहीत आहे. तशी मागणीही मी करत नाही. पण २०१३ पासून त्या अर्जासोबत बँकेच्या अधिकाऱ्याचं नऊ मुद्द्यांचं शपथपत्र लागतं आणि त्यातल्या मजकुराबद्दल आपली खात्री पटल्यावरच आदेश निघतो. त्यातला एक मुद्दा असा की कर्जदाराचं म्हणणं आलं असेल तर त्याचा विचार केला आणि ते नाकारल्याची कारणं त्याला कळवली. या ओळीखाली आपलं कार्यालय त्या उत्तराची पोचपावती मागतं का? अशी शपथपत्रं तयार होताना मी पाहिली आहेत. नाव आणि रक्कम बदलते, बाकी मजकूर जसाच्या तसा. एका कारकुनाला पाच मिनिटं जास्त लागतील, आदेश कायद्याच्या मुदतीतच निघेल.

दुसरी गोष्ट भाषेची. ताब्याची नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत छापावी, त्यातलं एक त्या भागात पुरेसा खप असलेलं देशी भाषेतलं असावं, असा नियम आहे. येळ्ळूरसारख्या मराठी गावात कुठलं वर्तमानपत्र खपतं हे ठरवायला समिती नेमावी लागत नाही. (आमच्याकडे समिती म्हटलं की महाराष्ट्र एकीकरण समिती आठवून लोकांचे कान टवकारतात, म्हणून सांगतो, मी साध्या अर्थाने म्हणतोय.) आणि जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य झालेलं संरक्षण आहे. बँकेची नोटीस सरकारी नसेल. पण कलम १४ चा आदेश आणि तहसीलदारांची घर खाली करण्याची सूचना तर आपलीच आहे ना?

कृपा करून याचा सीमाप्रश्न करू नका. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि माझ्या हयातीत तिथून हलेल असं दिसत नाही. माझ्या शेजारी कानडी घर आहे, त्यांनाही इंग्रजी नोटीस आमच्याइतकीच कळते. एका कागदाच्या एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी छापली तर भांडायला जागाच उरत नाही.

बँकांना हे सांगायचा अधिकार आपल्याला कुठून, असं कुणी विचारेल. जिल्ह्यातल्या बँकांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष आपण असता. जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या लीड बँकेचा मॅनेजर दर तिमाहीला कर्जवाटपाचे आकडे घेऊन आपल्यासमोर बसतो. त्या बैठकीत एवढंच म्हणा : १३(२) च्या नोटिशीसोबत एक पान कानडी-मराठीत जोडा. आदेश काढायची गरजही नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी बैठकीत म्हटलेलं बँकवाले कसं ऐकतात, ते मी त्यांच्यातच बसून पाहिलं आहे.

कर्ज देणारा कोण, हेही लोकांना कळत नाही, आणि त्यामुळे फसवणूक फार होते. सहकारी बँका या कायद्याखाली येतात, हे २०२० मध्ये घटनापीठाने ठरवलं. तो खटला आपल्या शेजारच्या मुरगूडच्या बँकेचा होता. पण पतसंस्था आणि सौहार्द सहकारी सोसायट्या म्हणजे बँक नव्हे, त्यांना हा रस्ता नाही. गृहवित्त कंपन्या वगळता इतर फायनान्स कंपन्यांना तो २० लाखांच्या खालच्या कर्जाला वापरता येत नाही. तरी सहा लाखांच्या कर्जाला "सरफेसी लावतो" अशी धमकी देणारे फिरतात. शहराभोवतीच्या शेतवडीत बॉण्डपेपरवर घेतलेल्या जागांवर ज्यांनी घरं बांधली त्यांचे हाल तर विचारू नका. उतारा नीट नाही म्हणून मोठी बँक दारात उभं करत नाही, मग जास्त व्याजाच्या दारात जावं लागतं. त्या जागांचा प्रश्न महसूल खात्याचा, तो इथे वाढवत नाही. सूक्ष्म कर्जाच्या जुलमी वसुलीविरुद्ध राज्याने २०२५ मध्ये कायदा केला तो चांगलाच झाला, पण सरफेसीच्या नोटिशीला तो हात लावत नाही.

ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. ते बेंगळुरूला. हिवाळी अधिवेशनासाठी सगळं सरकार इकडे येऊ शकतं, पण निपाणीच्या विडी कामगार बाईला पाचशे-सहाशे किलोमीटर तिकडे जावं लागतं, कारण दिवाणी कोर्टाचं दार या बाबतीत बंद आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण करणार कोण? इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फाउंड्रीतला तो माणूस औद्योगिक कामगारच होता. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगावच्या तालुका कचेरीत आठवड्यातून एक दिवस प्राधिकरणाचा एक वकील आणि बँकेतून निवृत्त झालेला एक माणूस बसला तर काम होईल. माझ्यासारखे रिकामे पुष्कळ आहेत. चहा मिळाला तरी बसतील.

माझे जुने सहकारी हे वाचून चिडतील. थकबाकीदारांना डोक्यावर बसवतोस, ठेवीदारांचं काय, असं म्हणतील. ठेवीदारांचे हाल मी पाहिले आहेत. बुडालेल्या सोसायटीच्या दारात पासबुक घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं या शहराला नवीन नाहीत. कर्ज फेडलंच पाहिजे, आणि मुद्दाम बुडवणाऱ्याचं घर गेलं तर मला झोप लागते. पण मुद्दाम बुडवणारा पाकीट लगेच फोडतो, वकील गाठतो, तारखा पाडतो. पाकीट फडताळात ठेवतो तो फेडायची इच्छा असलेला, घाबरलेला माणूस. लिलावात पडत्या भावाने गेलेल्या घरातून बँकेलाही काही फार मिळत नाही, हे वसुलीत काम केलेला कुणीही खाजगीत कबूल करेल.

सोबत एक पान जोडलं आहे. मराठी मी लिहिलं, कानडी शेजारच्या निवृत्त मास्तरांनी. मजकूर असा :

"हे पाकीट तुमच्या घराबद्दल आहे. आतल्या नोटिशीवरची तारीख इथे लिहा. पाकीट हातात पडलं ती नव्हे, नोटिशीवरची. त्या तारखेपासून ६० दिवस मोजा. तेवढ्यात बँकेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. एखादा हप्ता भरून खातं नियमित होत नाही. थकबाकी एकूण किती, ते लिहून मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका. वसुलीवाल्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. मोफत वकील मिळतो."

शब्द बदलायचे असतील तर खुशाल बदला. शेवटच्या ओळीनंतर फोन नंबरासाठी जागा मोकळी सोडली आहे. तिथे आपल्या कचेरीतला कुठला नंबर घालायचा, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
शहापूर, बेळगाव