राणीच्या नसबंदीविषयी

लंडन, १४ जून

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुमच्या लॅब्राडोर राणीबद्दल "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग ऑपरेशन करू," असं तुम्ही लिहिलंत. पिल्लं झाल्याने कुत्री निरोगी राहते किंवा शांत होते, याला काहीही आधार नाही. लॅब्राडोरला एका वेळी ७-८ पिल्लं सहज होतात. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांत ती तुमच्या हॉलमध्ये असतील. दोन आठवड्यांची झाली की दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, महिन्याभरात वरचं खाणं, ६ ते ८ आठवड्यांत पहिली लस आणि पुढचे डोस १६ आठवड्यांपर्यंत. ८ आठवड्यांआधी एकही पिल्लू आईपासून तोडायचं नाही. मुलुंडच्या दोन खोल्यांत हे सगळं! "आम्हाला एक द्या" म्हणणारे पुष्कळ भेटतील. तेच पिल्लू दहा महिन्यांचं, पंचवीस किलोचं झालं आणि सोफा कुरतडू लागलं की "परत न्या" म्हणून फोन येतो.

इथे इंग्लंडात २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला कातडीखाली ओळखीची चिप सक्तीची आहे. २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानातून किंवा दलालामार्फत विकायला बंदी आहे. तरीही निवारागृहांत जागा मिळत नाही. पिल्लू लगेच जातं, थोराड कुत्रं महिनोन्महिने राहतं, आणि ते जाईपर्यंत त्याच्या पिंजऱ्यात दुसरं घेता येत नाही. कोंडून राहिल्याने ते जास्त भुंकतं, बिथरतं, मग त्याला न्यायला कोणी धजत नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल १८८० च्या दशकापासून आहे ते आजारी जनावरांसाठी, घरात नकोशी झालेली कुत्री नेऊन सोडण्यासाठी नव्हे.

दादा, "सहा महिन्यांची झाली की उरकून टाकू" हेही राणीच्या बाबतीत नको. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या लॅब्राडोरमध्ये सांध्यांचे आजार जास्त आढळले आहेत. उलट, प्रत्येक हीटगणिक, म्हणजे माजावर येण्याच्या दर खेपेगणिक, स्तनांच्या गाठींचा धोका वाढत जातो. म्हणून माझं मत असं: पहिली हीट होऊ द्या, ती संपल्यावर तीन महिने थांबा आणि मग करा. हीट चालू असताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. सडांत दूध आलं असेल तर ते आटेपर्यंतही थांबायचं.

हीट साधारण तीन आठवडे चालते. रक्त फिकट झालं की संपलं असं समजून लोक पट्टा सोडतात, आणि नेमके तेच दिवस गाभण राहण्याचे असतात! सोसायटीच्या आवारातही तिला मोकळं सोडू नका. गेटवरच्या ज्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे त्यांची नसबंदी झालेली असते, पण बाकीच्यांचं काय?

हीटनंतर महिन्या-दोन महिन्यांत ती खूप पाणी पिऊ लागली, जेवेनाशी झाली किंवा उलट्या करू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भाशयात पू होतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. बाहेर काही दिसलंच पाहिजे असं नाही, आणि न दिसणारा प्रकार जास्त घातक.

ऑपरेशनआधी रक्त तपासताना प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मुद्दाम बघायला सांगा. पावसाळ्यात गोचीड वाढतात, आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या टिक फीवरमध्ये वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्याही प्लेटलेट उतरलेल्या असतात. हे टेबलावर कळलं तर उशीर झालेला असतो. आदल्या रात्रीनंतर खाणं नाही. पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा. नंतर टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, जखम चाटू नये म्हणून घातलेला गळ्यातला कोन काढायचा नाही, आंघोळ नाही, सोफ्यावर उडी नाही. कण्हली म्हणून घरातली आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी मुळीच देऊ नका, कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ती विषासारखी आहे. बरी झाली की खाणं साधारण पाव हिश्शाने कमी करा आणि दर महिन्याला वजन करा.

पहिलं रक्त दिसेल ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मला लगेच कळवा. तिथून दिवस मोजू.

तुमची,
धाकटी