ओझान आशोंची लेक

माँट्रियल

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

हिच्या माहेरचे मूळचे कुठले, असं तू विचारलं होतंस. तेव्हा 'फ्रान्सचे' एवढंच सांगू शकलो. आता नावगावासकट सांगतो.

माझ्या सासूबाई माहेरच्या त्राँब्ले. क्वेबेकमधलं हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, आणि जवळपास सगळ्या त्राँब्लेंचा मूळपुरुष एकच: पिएर त्राँब्ले. फ्रान्सच्या पेर्श भागातल्या राँदोने गावचा. १६४७ च्या सुमारास समुद्र ओलांडून इकडे आला. २ ऑक्टोबर १६५७ रोजी क्वेबेकला ओझान आशों हिच्याशी त्याचं लग्न झालं. क्वेबेक शहराच्या खालच्या अंगाला, सेंट लॉरेन्सच्या काठी लांज-गार्दियँ इथे दोघांनी शेती केली. बारा मुलं झाली.

शोध घ्यायची रीत सोपी आहे. हातातल्या लग्नाच्या नोंदीवरून आईवडिलांच्या लग्नाकडे, तिथून त्यांच्या आईवडिलांच्या. पाद्री वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं लिहायचा, म्हणून एकेक पिढी मागे सरकता येतं. १६७९ पासून वह्यांच्या दोन प्रती ठेवत, एक चर्चमध्ये आणि एक सरकारदरबारी. त्यामुळे एक जळाली तरी दुसरी हाती लागते. पुढे तांगे नावाच्या धर्मगुरूने १८७१ ते १८९० या काळात या कुळांचा सात खंडांचा कोश काढला. याच नोंदींवरचं माँट्रियल विद्यापीठाचं संशोधन १९६६ पासूनचं. मी मात्र जमेल तिथे मूळ पानच बघतो. अठराव्या शतकातल्या एका पानावर शाई मागून फुटली आहे, अक्षर गिचमिड, पण शेवटची ओळ स्पष्ट लागली: दोघांनाही सही करता येत नाही असे त्यांनी सांगितले. खाली पाद्र्याची तेवढी सही.

जमिनीचं वेगळं. तिचे करार नोटरींच्या दप्तरात असतात. १६६७ च्या शिरगणतीत तर लागवडीखालची जमीन आणि गुरंढोरंसुद्धा घरागणिक मोजलेली आहेत. नदी हाच रस्ता, म्हणून प्रत्येकाला काठाचा थोडा तुकडा मिळावा अशा बेताने अरुंद, लांबच लांब पट्टे पाडलेले. जमीनदारी पद्धत १८५४ मध्ये गेली, तरी लांज-गार्दियँला ते पट्टे अजून ओळखू येतात.

पण मंदार, मला खरं हलवलं ते बायकांच्या नावांनी. प्रत्येक बाई नोंदीत माहेरच्या आडनावाने येते. मुलाच्या बाप्तिस्म्याला ओझान आशों, पुढे मुलांच्या लग्नांतही ओझान आशोंच. तिचं गाव प्युइराव्हो, तिच्या आईचं नाव एलेन रेन्यो, हेही ठाऊक आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकरणीची आई मला माहीत आहे, आणि माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेर माहीत नाही! आमच्या कुलवृत्तांतात ती फक्त 'पत्नी लक्ष्मीबाई'. लक्ष्मी हेही सासरी ठेवलेलं नाव. माझ्या लेकीला तिच्या आईकडच्या बायका पार पेर्शच्या काळापर्यंत सांगता येतील आणि माझ्याकडच्या तीन पिढ्यांतच संपतील, हे मला सोसवत नाही.

म्हणून एक काम सांगतो. तुझं नाशिकला जाणं होतंच. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या गावाचं पान काढायला सांग. कोणी बाई स्वतः यात्रेला आली असेल, किंवा तिच्या माहेरच्यांनी नाव घातलं असेल, तर ते पाहा. दिसलं तर पानाचा फोटो पाठव, वाचायचं मी बघतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीराम