पथ्रोटचे स्टेशन समजावून सांगणाऱ्या गार्डकाकाजींस

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात पथ्रोटच्या बंद पडलेल्या स्टेशनाची चौकशी करत मी आपल्या दारी आलो, तेव्हा माझ्या वहीत चार तारखांपलीकडे काही नव्हते. आपण आपल्या तीन दुपारी मला दिल्या आणि चौथ्या दिवशी, गुडघा दुखत असूनही, रुळांच्या कडेने माझ्यासोबत चाललात. त्याचे आभार मी जाहीरपणे मानतो आहे, कारण आपण सांगितलेले माझ्या एकट्याच्या वहीत राहणे मला योग्य वाटत नाही.

मी इमारतीपासून सुरुवात करणार होतो. आपण बोलण्यातून मला आधी मूर्तिजापूरला नेलेत. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबई–नागपूर मोठ्या लाइनपर्यंत आणण्यासाठी, आणि मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा यवतमाळला तर दुसरा पथ्रोटवरून अचलपूरला गेला, हे मी वाचले होते. परंतु आपल्या लाइनच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर आणि मोठ्या लाइनचे 1676 मिलिमीटर असल्यामुळे एका लाइनचा डबा दुसरीवर चालू शकत नव्हता, म्हणून मूर्तिजापूरला रुईची प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवावी लागे आणि या मार्गाचा सगळा व्यवहार त्या हमालीवर टेकलेला होता, हे मला आपल्याकडूनच उमगले. अचलपूर स्टेशनाचा संकेत ‘ईएलपी’ का, या माझ्या प्रश्नावर आपण फक्त ‘एलिचपूर’ एवढेच म्हणालात. गावाचे जुने नाव त्या तीन अक्षरांत टिकून आहे, हे त्याआधी माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मात्र माझी खरी चूक आपण दुरुस्त केलीत ती स्टेशनाजवळ. शेवटच्या काळात या मार्गावर जेमतेम सातेक माणसे गाडी चालवत असत, तिकीट गार्डच देई, फाटक आले की गाडी थांबवून कोणीतरी खाली उतरून ते लावी, गाडी पुढे काढून पुन्हा उघडी आणि मग डब्यात चढे. इंजिन सोडणे-जोडणेही त्याच माणसांकडे होते. म्हणजे पथ्रोटला स्टेशनाचे काम भिंतींच्या आत होत नव्हते, ते गाडीबरोबर येत होते आणि गाडीबरोबर पुढे जात होते. मी ओसाड खोलीची छायाचित्रे काढत बसलो होतो. आपण मला गार्डचा डबा कुठे थांबायचा ती जागा दाखवलीत आणि तिकिटासाठी माणसे कोणत्या बाजूने धावत यायची तेही सांगितलेत. आता माझ्या नोंदींची सुरुवात त्या जागेपासून होते.

मँचेस्टरला 1921 साली बनलेल्या या मार्गावरच्या झेडडी या वाफेच्या इंजिनाबद्दल आपण बोललात तेव्हा आपला आवाज बदलला होता. 15 एप्रिल 1994 रोजी ते निवृत्त होऊन डिझेल आले. ज्या शहराच्या गिरण्यांकडे इथला कापूस जात असे, तिथूनच हे इंजिन यावे, हा योग मला फार बोलका वाटतो.

बंद पडण्याचे कारण विचारल्यावर आपण कोणालाही दोष दिला नाही, याचे मला विशेष वाटते. बार्शी लाइट रेल्वे ही अशीच एका कंपनीची अरुंद लाइन सरकारने 1954 साली विकत घेतली. ही लाइन मात्र कंपनीचीच राहिली, सरकारी रेल्वे तिच्यावर गाड्या चालवत राहिली, आणि रूळ एकाचे व गाडी दुसऱ्याची असल्यावर रुळांवर मोठा खर्च करायला कोण पुढे येणार, एवढेच आपण म्हणालात. शेवटी 76 किलोमीटरला सुमारे चार तास लागू लागले, तरी त्या वेळातही बाजाराला जाणारी माणसे याच गाडीत बसत, कारण बसचे भाडे त्यांना परवडत नव्हते. हे वाक्य मी आपल्याच शब्दांत ठेवले आहे.

नोंदींची टंकलिखित प्रत सोबत पाठवत आहे. अंजनगावच्या बाजूच्या रुळांच्या सांध्यांबद्दल आपण सांगितलेले मी घाईत उतरवले होते, त्यात चूक असल्यास लाल पेनाने खूण करावी. काकूंनी दिलेल्या ज्वारीच्या भाकरीचा आणि ठेच्याचा डबा मी घासूनपुसून ठेवला आहे. दिवाळीनंतर तो परत करायला येईन, तेव्हा लाखपुरीपर्यंतचा राहिलेला भाग ऐकायचा आहे.

आपला कृतज्ञ,
वहीवाला